रोध, व्याप्ती आणि उपाधी

तारेचा रोध कोणालाही दिसत नाही. ॲमिटरवर प्रवाह वाचता येतो, व्होल्टमीटरवर तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे ज्याला बोलताना व्होल्टेज म्हणतात ते, वाचता येते. रोध मात्र विभवांतराला प्रवाहाने भागून काढावा लागतो, आणि हा भागाकार प्रयोगवहीत इतक्या सहज उतरतो की त्यातून नेमके काय जाणले गेले आणि ते ज्ञान कशाच्या बळावर प्रमाण मानायचे, हा प्रश्न तेथे उभाच राहत नाही. भारतीय तर्कपरंपरेतील न्यायशास्त्राने अनुमानाच्या चिकित्सेसाठी घडवलेली परिभाषा या प्रश्नाला फार नेमकी लागू पडते.

नैयायिकांच्या मते अनुमान व्याप्तीवर उभे असते. जेथे धूर तेथे अग्नी, असा हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती, येथे धूर) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते, येथे अग्नी) यांचा जो कधीही न मोडणारा संबंध, ती व्याप्ती. तोच संबंध उलटा करून जेथे अग्नी तेथे धूर असे म्हटले, तर तो टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. संबंधाला आतून आधार देणाऱ्या अशा न उच्चारलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तिचे हेच उदाहरण येते. उपाधी उघड झाली की अनुमान सदोष ठरते. मात्र ती हेतूतच सामावून घेतली, म्हणजे ‘ओल्या इंधनाचा अग्नी’ असे म्हटले, की ते पुन्हा उभे राहते.

रोधाच्या गणितात दोन भिन्न विधानांची नेहमी गल्लत होते. रोध म्हणजे विभवांतर भागिले प्रवाह, ही व्याख्या आहे, आणि व्याख्या खोटी ठरू शकत नाही. ओहमचा नियम याहून अधिक काही सांगतो: विभवांतर बदलले तरी भागाकार तोच राहतो. हे विधान जगाविषयी आहे, ते खोटे ठरण्याची शक्यता आहे, आणि त्याचे मोल त्यातच आहे. २३० व्होल्टवर जळणारा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब घेतला, तर त्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि त्याचा रोध सुमारे ८८२ ओहम निघतो. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरला जोडला, तर रोध या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, कारण त्यातील टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि धातूचा रोध तापमानाबरोबर वाढत जातो. दोन्ही आकडे खरे आहेत. खोटी ठरते ती एवढीच समजूत, की एकदा काढलेला रोध तारेला कायमचा चिकटलेला असतो. तापमान स्थिर असणे ही येथील उपाधी होय, आणि तिचा उच्चार न करता सांगितलेला ओहमचा नियम लोखंडाच्या गोळ्यातून धूर निघण्याची वाट पाहतो.

याहून खोल आक्षेप अन्योन्याश्रयाचा आहे, म्हणजे दोन गोष्टींनी एकमेकींच्या आधारावर सिद्ध होण्याचा. काट्याचा व्होल्टमीटर प्रत्यक्षात मोठ्या ज्ञात रोधातून वाहणारा बारीक प्रवाहच मोजतो आणि ओहमच्या नियमाच्या भरवशावर त्याचे व्होल्ट करून दाखवतो. मग त्याच्या साहाय्याने तोच नियम तपासणे कितपत ग्राह्य? गेऑर्ग ओहमच्या १८२६ सालच्या प्रयोगांची थोरवी येथे कळते. त्याने बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडांपैकी एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, म्हणजे दोन जोडांच्या तापमानांतील फरक कायम राहून त्यातून उपजणारे, प्रवाह ढकलणारे बल आपोआप स्थिर राहिले. मग एकाच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीला पूर्वस्थितीत आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, यावरून त्याने प्रवाह मोजला. या मांडणीत नियम गृहीत धरणारे एकही उपकरण नव्हते. त्याआधी हेन्री कॅव्हेंडिशने स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या विजेच्या झटक्यांची तुलना करून रोधांचा अंदाज बांधला होता, आणि प्रत्यक्षाच्या इतके जवळ कोणीच गेले नव्हते. पण ती टिपणे मॅक्सवेलने १८७९ साली प्रसिद्ध करेपर्यंत अप्रकाशितच राहिली.

शक्तीचे, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणाऱ्या ऊर्जेचे, गणित वेगळ्या पायावर आहे. विभवांतर म्हणजे एकक विद्युतभारामागे होणारे कार्य आणि प्रवाह म्हणजे दर सेकंदाला वाहणारा भार. त्यांचा गुणाकार शक्ती देतो आणि त्यासाठी ओहमच्या व्याप्तीची गरज पडत नाही. त्याच गुणाकाराला प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध असे रूप दिले की मात्र नवी उपाधी आत येते, ती अशी की सारी ऊर्जा उष्णतेतच गेली पाहिजे. बॅटरीवर फिरणाऱ्या मोटरीत हे दुसरे सूत्र फक्त वेटोळ्यांत तापून गेलेला वाटा सांगते, उरलेला वाटा आस फिरवण्यात जातो. जेम्स जूलने १८४१ साली तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून, पाणी किती तापले ते थर्मामीटरने पाहून, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते हे दाखवले. रोध केवळ भागाकाराला दिलेले नाव आहे की तारेत खरोखर असलेला गुण, या वादात जूलच्या प्रयोगाचे वजन मोठे आहे, कारण व्होल्टमीटरशी काहीही संबंध नसलेल्या पाण्याच्या तापण्यातून तीच राशी पुन्हा हाती आली, आणि कार्यावरून कारणातील गुण सिद्ध होतो असे मानणाऱ्या नैयायिकाला यापेक्षा वेगळा पुरावा मागता येणार नाही.