तिकीट, दान आणि दक्षिणा

एखाद्या लोकोपयोगी संस्थेसाठी द्रव्य जमविण्याचा प्रसंग आला, म्हणजे आजकाल बहुधा एकच उपाय सुचविला जातो : गाण्याची बैठक ठेवावी, नाटकाचा प्रयोग लावावा, जुन्या वस्तूंचे व कलाकुसरीचे प्रदर्शन मांडावे, तिकिटे काढावीत आणि खर्च वजा जाता जे उरेल ते संस्थेच्या स्वाधीन करावे. आपल्या इंदरगंजातील मंडळींतही हा विषय अधूनमधून निघतो, आणि निघाला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "लोक नुसते मागून देत नाहीत, काही ऐकविले-दाखविले म्हणजे देतात. मग बिघडले कोठे?" दुसरा पक्ष, ज्यात वडीलधारी मंडळी अधिक असतात, म्हणतो, "द्यावयास करमणुकीची लालूच लागते, तर ते देणे कसले?" दोहोंचे म्हणणे ऐकले म्हणजे दोन्ही खरे वाटते. ज्या वादात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, तेथे पुष्कळदा एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. येथे तो शब्द ‘दान’ हा आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशा पात्र व्यक्तीस, योग्य स्थळी व योग्य काळी, केवळ दिले पाहिजे म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या अथवा फळाच्या आशेने, किंवा मनातून कष्टी होऊन दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, तुच्छतेने दिलेले ते तामस. ही फूटपट्टी तिकिटास लावून पाहिली, तर तिकीट राजस दानातही बसत नाही. राजस दात्यास निदान फळाची वाट पाहावी लागते. तिकीट घेणारा त्याच सायंकाळी फळ पदरात पाडून घरी जातो. पैसे मोजले, गाणे ऐकले, व्यवहार पुरा झाला. ही खरेदी आहे. खरेदीत पाप काहीच नाही. पण तिला दान म्हणण्यात मात्र एक धोका आहे, आणि तो लहान नाही. संस्थेच्या नावाने निघालेले तिकीट घेऊन जो घरी परतला, त्याच्या मनात ‘आपण दिले’ अशी नोंद होते. पुढल्या महिन्यात त्याच संस्थेचा माणूस दारी आला, तर ती नोंद पुढे होऊन उत्तर देते, "आमचे झाले की!" अशा रीतीने एक न दिलेले दान खऱ्या दानाची वाट अडवून बसते.

यावर कोणी म्हणेल, नावात काय आहे? रुग्णाला औषध मिळाले, अनाथ मुलाला वह्या मिळाल्या, म्हणजे झाले. तिकीट घेणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी औषध करीत नाही. आक्षेप वजनदार आहे, आणि मी तो टाळू इच्छीत नाही. औषधाच्या बाजूने पाहिले तर तो खराच आहे. परंतु संस्था एका सायंकाळीवर चालत नाहीत. त्या वर्षानुवर्षे चालतात, आणि वर्षानुवर्षे चालावयाच्या तर त्यांना गिऱ्हाईक पुरत नाही, दाता लागतो. गिऱ्हाईक गाणे चांगले असेल तोवर येते. दाता गाणे नसतानाही येतो.

मग अशा कार्यक्रमात दान मुळी नसतेच काय? असते; पण ते आपण जेथे शोधतो तेथे नसते. येथे थोडे घरचे सांगतो. देवळाच्या पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्यास दान आणि दक्षिणा यांतील भेद पोथीतून शिकावा लागत नाही. दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर आहे. दक्षिणा ही कर्म करणाऱ्याचा हक्क आहे, तिच्यावाचून कर्म पुरे होत नाही असे शास्त्र मानते. आणि तरी "देवाचेच काम आहे गुरुजी, आपसांत पैशाचे काय!" असे हसतमुखाने म्हणणारा यजमान वर्षातून चारदा तरी भेटतो. हाच यजमान मांडववाल्यास किंवा आचाऱ्यास असे म्हणत नाही. तेथे तो ठरल्याप्रमाणे पैसे मोजतो.

कलावंताच्या बाबतीत नेमके हेच घडते. कार्य पुण्याचे, म्हणून गवयाने बिदागी घेऊ नये, तबलजीने येण्याजाण्याचा खर्च मागू नये, हार्मोनियम वाजविणाऱ्याने शाल-श्रीफळावर संतुष्ट व्हावे. सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपकाचे भाडे, पत्रिकांची छपाई आणि प्रमुख पाहुण्यांचा अल्पोपाहार यांचे पैसे मात्र रोख द्यावेत. मोठ्या गवयास कदाचित काही वाटणार नाही. पण त्याच्या मागे बसून रात्रभर ठेका धरणारा जो माणूस, त्याचे घर अशाच बैठकींवर चालते. त्याने नाही म्हटले तर तो पैशाचा लोभी ठरतो, होय म्हटले तर त्या दिवसाची कमाई जाते. आणि टाळ्या पडतात त्या आयोजकांच्या औदार्याला. हे दुसऱ्याच्या खिशात हात घालून केलेले दान झाले. बिदागी ही दक्षिणा आहे आणि ती आधी पुढे ठेवली पाहिजे. पुढे ठेवल्यावर कलावंताने ती आपण होऊन परत केली, तर त्या सबंध कार्यक्रमातील खरे दान ते. मग त्याचे नाव प्रमुख पाहुण्याच्या वर छापावे, आणि तबलजीने परत केली असेल तर तबलजीचेही छापावे.

अशा दानाचे एक मोठे उदाहरण मराठी रंगभूमीवर घडून गेले आहे. लोकमान्य टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये निवर्तले, आणि पुढील वर्षी महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प देशापुढे मांडला. त्या फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. हे दोघे त्या काळच्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक-नट. दोघांचे चाहते एकमेकांस पाण्यात पाहणारे. प्रेक्षकांनी त्या रात्री तिकिटास भरमसाट पैसे मोजले हे खरे. पण त्यांना त्याचा मोबदला मिळाला, आणि असा मिळाला की पुढे नातवंडांना सांगावा. दिले ते त्या दोघांनी. रात्रीचे उत्पन्न तर दिलेच, त्याहून जड असे काही दिले : आपापली स्पर्धा त्यांनी काही तास बाजूस ठेवली, आणि दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून आपल्या गाण्याची तुलना होऊ दिली. नटाला पैसा सोडणे एक वेळ सोपे असेल, हे सोडणे सोपे नाही. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले. ऐश्वर्याच्या तोऱ्यात निर्धन वीराला झिडकारणाऱ्या मुलीचे नाटक नेमके या प्रसंगी निवडले गेले, हाही एक योगच म्हणावयाचा.

दुसरे उदाहरण इतके जुने नाही. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रात ठिकठिकाणी करून एक निधी उभा केला. पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या निधीच्या व्याजातून दरमहा मानधन द्यावयाचे, अशी ही योजना. मला त्यात दोन गोष्टी फार विचारपूर्वक केलेल्या वाटतात. मुद्दल राखून व्याज वापरावयाचे, म्हणजे एका हंगामाची टाळी अनेक वर्षांच्या मीठभाकरीत बदलते. आणि निधीला नाव दिले ‘सामाजिक कृतज्ञता निधी’. दया नव्हे, साहाय्य नव्हे, कृतज्ञता. आपल्याकडे देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही मानले आहे. ऋण फेडणारा उपकाराची भाषा बोलत नाही.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे वळू. या गावाला गाण्यासाठी पैसे मोजण्याची सवय फारशी नाही, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. आणि त्याला कारण आहे. येथील गाणे दरबारच्या आश्रयाने वाढले. हद्दू-हस्सू खाँच्या काळी गवयाचा चरितार्थ राजा पाही, आणि श्रोत्याचे काम ऐकण्यापुरते असे. १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय निघाले तेही माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबाराची जागा सरकारने घेतली. तानसेनाच्या समाधीपाशी होणारा समारोह, ज्याचे शंभरावे वर्ष २०२४ मध्ये साजरे झाले, आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने आरंभतो, आणि तेथे कोणाकडे तिकीट मागत नाहीत. हे उत्तमच आहे. पण त्यामुळे गाणे म्हणजे वाऱ्यासारखी फुकट वस्तू, असा समज गावात मुरला. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरींच्या मालिकेत घेतले, तेव्हा आनंद सर्वांना झाला. मात्र तो आनंद दालबाजारातील नाट्यमंदिराच्या तिकीटखिडकीपर्यंत पोचला काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

राजाश्रय सोडून गाणे लोकांच्या पैशावर उभे करण्याचे धाडस ज्यांनी केले, ते विष्णु दिगंबर पलुसकर ग्वाल्हेरच्याच गायकीचे. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वासुदेवबुवा जोश्यांपाशी शिकून गेलेले. विष्णु दिगंबरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते जलशांच्या उत्पन्नावर व लोकांच्या देणगीवर चालविले. ज्यांना पुढे शिक्षक व्हावयाचे अशा विद्यार्थ्यांना त्यांनी जवळ ठेवून, जेवूखाऊ घालून शिकविले. पुढे मुंबईस कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फेडण्यासाठी गावोगाव फिरून ते गात राहिले. आणि अखेर १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. ही हकीगत तिकिटाविरुद्ध सांगतात, तशी तिकिटाच्या बाजूनेही सांगता येते. मला तीतून एवढेच दिसते की, जलशाच्या गल्ल्यावर विद्यार्थ्यांचे ताट चालले, पण कर्जाची इमारत चालली नाही. कार्यक्रम करून संस्थेला उभारी देता येते. तिचा सगळा भार गवयाच्या गळ्यावर टाकता येत नाही.

ज्यांच्यासाठी पैसा गोळा करावयाचा त्यांना रंगमंचावर आणावे काय, हा प्रश्न याहून नाजूक. कार्यक्रमाच्या मध्यंतरात अनाथाश्रमाच्या मुलांना ओळीने उभे करून, त्यांच्या हाती धनादेश देतानाची छायाचित्रे काढण्याची रीत आहे. पैसे सात्त्विक मनाने गोळा केले असतील, तरी त्या क्षणी तुच्छतेचा थोडा अंश त्यात शिरतो, आणि गीतेने तामस म्हटले ते त्याहून फार दूर नाही. याच्या उलट आनंदवनाचा वाद्यवृंद पाहावा. बाबा आमट्यांच्या वरोड्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये ‘स्वरानंदवन’ उभे केले. त्यात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अपंग अशी माणसे गातात, वाजवतात, नाचतात, आणि त्यांच्या कार्यक्रमांचे उत्पन्न आनंदवनाच्या कामी येते. येथेही पीडित माणूस रंगमंचावर आहे. पण तो घ्यावयास आलेला नाही, कमवावयास आला आहे. तेथे तिकीट हे केवळ तिकीट आहे यातच त्याची शोभा आहे. त्याला दान म्हटले की त्या गायकाची कमाई आपण हिरावून घेतो.

राहिला देवळाच्या अंगणाचा प्रश्न, ज्यावर आपल्यात सर्वांत अधिक बोलले जाते. माझे मत वडील मंडळींच्या बाजूचे आहे, जरी कारण निराळे असले तरी. देवापुढे पैशाचे नाव काढू नये असे मी म्हणत नाही. दानपेटी देवापुढेच असते. पण तिकीट म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दारावर थांबविण्याचा अधिकार, आणि तो अधिकार देवळाच्या दारावर कोणालाच नसावा. गाडगे महाराजांनी कीर्तनाच्या बळावर पंढरपूर, नाशिक, आळंदीसारख्या क्षेत्री धर्मशाळा उभारल्या. कीर्तनाला मात्र तिकीट कधी लावले नाही, आणि तुकोबांनी घातलेले पथ्य पाळून कीर्तनाच्या गावी अन्नही घेतले नाही. तेव्हा तिकिटाचा कार्यक्रम करावयाचा तो सभागृहात करावा, आणि उघडपणे कार्यक्रम म्हणून करावा. गाणे चांगले निवडावे, वेळेवर सुरू करावे, तिकीट घेणाऱ्याला त्याच्या पैशाचा पुरा मोबदला द्यावा. दुकानदारांच्या गळ्यात तिकिटे मारू नयेत; असे तिकीट खरेदीही नव्हे आणि दानही नव्हे. आणि पहिल्या दोन रांगा फुकट पासांच्या पाहुण्यांनी भरून, पैसे देणाऱ्याला खांबाआड बसवू नये.

हिशेब मात्र त्याच रात्री, भैरवीपूर्वी, रंगमंचावरून वाचावा : तिकिटांचे इतके आले, सभागृहास इतके गेले, कलावंतांस इतके दिले, त्यांपैकी अमुकांनी इतके परत केले, संस्थेसाठी इतके उरले. उरलेला आकडा लहान असेल तर लहान म्हणून वाचावा. लोकांना तो ऐकण्याची सवय नाही, एवढ्यासाठीच तो ऐकविला पाहिजे. मग भैरवी व्हावी. ती संपल्यावर, लोक बाहेर पडताना, दाराशी एक रिकामे ताट ठेवावे. त्या वेळी गाणे संपलेले असेल, मोबदला म्हणून द्यावयास आपल्याजवळ काहीच उरलेले नसेल. ताटात काय पडले ते कोणी उभे राहून पाहू नये. दुसऱ्या दिवशी मोजून संस्थेकडे पोचवावे, आणि पावती देवळाच्या सूचनाफलकावर लावावी.