सेनापतीचा भाव

‘वर्ल्ड कॉन्करर ४’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा मोबाइल गेम इझीटेक या चिनी कंपनीने २०१७ मध्ये आणला. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर रणगाडे, पायदळ, जहाजे आणि या पथकांवर नेमायला जनरल. जनरल विकत घ्यावे लागतात. लढाया जिंकून पदके मिळवायची, ती साठवायची आणि त्या पदकांतून माणूस घ्यायचा. धीर नसेल तर पदकेही खऱ्या पैशांनी मिळतात. गुडेरियन, मॅनस्टाइन, रोमेल, पॅटन, झुकोव्ह, रोकोसोव्स्की असे सगळे एकाच दालनात ओळीने उभे असतात. चेहऱ्यावर बोट ठेवले की पायदळ, रणगाडे, तोफखाना, नौदल, विमानदल आणि कूच या प्रत्येकापुढे तारे दिसतात. त्याखाली त्याची खास कौशल्ये आणि शेवटी भाव.

माझा भाचा नववीत आहे. परवा त्याने मला विचारले, “मामा, गुडेरियन घेऊ का? महाग आहे, पण रणगाड्यांसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. की तेवढ्यात दोन साधे घेऊ?” मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याचा हिशेब ऐकला. आजचे तारे किती, पुढे वाढून किती होतील, आपण रणगाडे जास्त वापरतो की तोफा, आत्ता सगळी पदके संपवली तर पुढची अवघड मोहीम अडेल का, हे सगळे तो बोलून दाखवत होता. स्वस्त म्हणून घेतलेले तीन जनरल पुढे अडगळ होतात, त्यापेक्षा थांबून एकच चांगला घ्यावा, हेही त्याला अनुभवाने कळले होते. हा विवेक मला आवडला. हाताशी मोजके असताना मोह आवरणे आणि आपली गरज ओळखून खर्च करणे हे शाळेत तोंडी सांगून येत नाही. गेम म्हणजे वेळेचा नास, असे मी म्हणणार नाही.

मग त्याने १९३९ चा नकाशा उघडला, पोलंड हा देश निवडला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “घेतला ना, की याला वॉर्साजवळच्या रणगाड्यावर बसवीन.”

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर चढाई केली तेव्हा हाइन्त्स गुडेरियन चढाई करणाऱ्या रणगाड्यांचा सेनानी होता. भाच्याचे काही चुकले नव्हते. गेममध्ये तसे करता येते, कारण विकत घेतलेला जनरल कोणत्याही झेंड्याखाली तितक्याच ताऱ्यांनी लढतो. त्या पडद्यावर कसब आहे आणि भाव आहे. हे कसब कोणासाठी आणि कशासाठी राबले, याला तिथे रकानाच नाही. माझ्या मनात घोळत राहिले ते हेच, कारण या जनरलांचा भाव गेमच्या बाहेर, खऱ्या आयुष्यातही एकाने केला होता. तो त्यांनी घेतलाही होता.

बर्लिनमध्ये हिटलरच्या कार्यालयाचा, म्हणजे राइख चॅन्सेलरीचा, प्रमुख हान्स लामर्स याच्या हाताखाली एक गुप्त निधी होता. ‘खाते क्रमांक ५’ या नावाने तो ओळखला जाई. १९४० पासून त्यातून प्रत्येक फील्ड मार्शलला दरमहा ४,००० राइखमार्क आणि कर्नल जनरलला २,००० राइखमार्क मिळू लागले. फील्ड मार्शलच्या मूळ पगारापेक्षा ही रक्कम मोठी होती, आणि तिच्यावर कर नव्हता. ती कोणत्याही नियमात बसत नव्हती. हिटलरची मर्जी असेल तोवर ती मिळणार, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. मोठ्या वाढदिवसांना वेगळी बिदागी असायची. फील्ड मार्शल लेब यांना १९४१ मध्ये पासष्टीला अडीच लाख राइखमार्क मिळाले, फील्ड मार्शल क्लूगे यांना १९४२ मध्ये साठीला तेवढेच. क्लूगे यांच्याच मुख्यालयात हेनिंग फॉन ट्रेस्को हा अधिकारी हिटलरविरुद्ध कट रचत होता आणि आपल्या वरिष्ठाला त्यात ओढू पाहत होता. वाढदिवसाच्या त्या धनादेशाचा विषय त्याने क्लूगे यांच्यासमोर काढला. पुढे क्लूगे कधी हो म्हणत, कधी मागे सरत. घेतलेल्या पैशाने माणूस लगेच गुलाम होतो असे नाही, पण ऐन निर्णयाच्या घडीला त्याचे पाऊल जड होते.

गुडेरियन यांना दरमहाचे पैसे तर मिळालेच, वर जमीनही मिळाली. मॉस्कोच्या मोहिमेत डिसेंबर १९४१ मध्ये हिटलरने त्यांना पदावरून दूर केले होते. तरी पैसे चालू राहिले आणि पुढे जर्मनीने गिळलेल्या पोलंडच्या मुलखात डायपेनहोफ नावाची मोठी जहागीर त्यांच्या नावे झाली. १९४३ मध्ये ते रणगाडा दलाचे मुख्य निरीक्षक म्हणून परत आले. त्या काळातला एक प्रसंग मॅनस्टाइन यांचे सहायक अधिकारी अलेक्झांडर श्टालबर्ग यांच्या आठवणींत आहे. आपल्याला जमीन कशी मिळाली, मालमत्तांची यादी कशी दाखवली गेली, हे गुडेरियन सांगत होते. मॅनस्टाइन यांनी विचारले, तिथल्या मूळ पोलिश मालकांचे काय झाले? गुडेरियन यांचे उत्तर असे की आपण ताबा घेतला तेव्हा ती माणसे तिथे नव्हती, कुठे गेली ते ठाऊक नाही.

ज्याला शत्रूच्या फळीतली फट नकाशावर दिसत होती, ज्याचे रणगाडे मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये सदाँजवळ म्यूज नदी ओलांडून आठवड्याभरात समुद्रापाशी पोचले, त्याला आपल्या अंगणातून उठवलेल्या कुटुंबाचा माग काढावासा वाटला नाही. त्याच्या रणगाड्यांपुढचे सगळे तारे खरे आहेत. आणि हे न विचारणेही तितकेच खरे आहे. २० जुलै १९४४ चा हिटलरला मारण्याचा कट फसल्यावर संशयित अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकण्यासाठी एक ‘सन्मान न्यायालय’ बसवले गेले. सैन्यातून काढले की लष्करी कायद्याचे कवच जाई आणि तो अधिकारी नाझी जन-न्यायालयापुढे उभा राही. बहुतेकांसाठी ती फाशीची वाट ठरली. त्या सन्मान न्यायालयात गुडेरियनही बसले होते.

हे सगळे असताना त्यांच्या नावापुढे फक्त तारेच कसे उरले? युद्धानंतर हे जनरल लिहू लागले. मॅनस्टाइन यांच्यावर १९४९ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला आणि अठरा वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि १९५३ मध्ये ते सुटले. दोन वर्षांनी त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले. गुडेरियन यांच्यावर खटला झालाच नाही. १९४८ मध्ये ते कैदेतून सुटले आणि १९५१ मध्ये त्यांच्या आठवणी छापून आल्या. या पुस्तकांत डावपेच आहेत, हिटलरच्या चुका आहेत, बर्फ आणि चिखल आहे. आपल्या फौजेमागून गावागावांत काय घडत होते, ते जवळजवळ नाही. आम्ही फक्त व्यवसाय करणारे सैनिक होतो, राजकारण आमचे नव्हते, असा एकंदर सूर. इंग्रज युद्धलेखक लिडल हार्ट यांनी या सेनानींची बाजू जगापुढे मांडायला मोठी मदत केली. गुडेरियन यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीत रणगाडायुद्धाच्या कल्पनेचे श्रेय लिडल हार्ट यांना देणारा एक परिच्छेद आहे. मूळ जर्मन पुस्तकात तो नाही. तो घालावा असे लिडल हार्ट यांनीच पत्राने सुचवले होते. एकाला निष्कलंक कीर्ती हवी होती, दुसऱ्याला द्रष्टेपण. त्या कीर्तीतूनच आजच्या गेममधले तारे आले आहेत. ज्या मोजपट्टीने भाचा गुडेरियनची किंमत ठरवतो, तीच मोजपट्टी त्या जनरलांनी स्वतःच्या बचावासाठी पुढे केली होती: आमचे कसब बघा, बाकी विचारू नका.

योहानेस ब्लास्कोविट्झ हाही त्याच सैन्यातला कर्नल जनरल. १९३९ च्या शरदात पोलंडचा लष्करी ताबा त्याच्याकडे होता. नाझींच्या एसएस दलाच्या तुकड्या ज्यू आणि पोलिश नागरिकांना मारत सुटल्या होत्या. त्याने वरिष्ठांना लेखी तक्रार केली, आणि काही महिन्यांनी पुन्हा, तपशिलांसह केली. हिटलर संतापला. १९४० च्या मे महिन्यात ब्लास्कोविट्झला पोलंडमधून हलवले गेले, आणि फ्रान्सच्या विजयानंतर फील्ड मार्शलच्या काठ्या वाटल्या गेल्या तेव्हा त्याला काठी मिळाली नाही, पुढेही कधी नाही. मला त्याला संत करायचे नाही. तो शेवटपर्यंत त्याच राजवटीसाठी लढला, युद्धानंतर त्याच्यावरही गुन्ह्यांचे आरोप ठेवले गेले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या तुरुंगात खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्याने जीव दिला. पण त्या दोन तक्रारी त्याने लिहिल्या होत्या. बढती आणि मर्जी पणाला लागलेली असताना लिहिल्या होत्या. पायदळ, तोफखाना, कूच यांपैकी कोणत्या रकान्यात हे बसवायचे?

विकतच्या सेनापतींचा अनुभव आपल्या इतिहासालाही आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतले आणि त्याने कवायती कंपू उभे केले. महादजींचा तो व्यवहार चोख ठरला, उत्तरेत त्या कंपूंनी दबदबा बसवला. द बॉइननंतर फौज पेरों या फ्रेंच माणसाकडे गेली. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचे युद्ध पेटले तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या अधिकाऱ्यांना सोडून येण्याचे आमिष दाखवले. बरेच जण गेले. पेरों स्वतः सप्टेंबरमध्ये आपली संपत्ती घेऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीला जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींना गाठले तेव्हा पगारी साहेब बहुतेक निघून गेले होते. पलटणी मात्र हटल्या नाहीत. गोलंदाज तोफेपाशी संगिनीने मारले जाईपर्यंत उभे राहिले, आणि त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द लेकने दिली. त्या गोलंदाजांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पेरोंचा पगार मात्र नोंदलेला आहे.

कोणी म्हणेल, गेम आहे, एवढे काय मनावर घ्यायचे. बुद्धिबळात वजिराचे चारित्र्य कोणी विचारत नाही. बरोबर आहे, पण वजिराला कोणा खऱ्या माणसाचे नाव आणि चेहरा नसतो. गुडेरियनला आहे. डायपेनहोफमधून गेलेल्या माणसांनाही चेहरे होते. आणि माणूस ताऱ्यांत मोजायची सवय मोबाइल बंद केल्यावर सुटतेच असे नाही. नोकरीला माणूस घेताना, उमेदवाराला मत देताना, पोरासाठी क्लास निवडताना ‘काम चोख करतो ना, मग बाकी कशाला’ हे वाक्य आपण मोठी माणसेच बोलतो, मुले ते ऐकतात. काम चोख करतो, हे महत्त्वाचे आहेच. पण चोख काम ज्याच्या पदरात पडते, त्याचे त्या कामाने काय होते आणि शेजाऱ्याचे काय होते, हेही किमतीतच धरायला हवे. ते वगळून काढलेली किंमत मला अर्धीच वाटते.

भाच्याला मी गुडेरियन घेऊ नकोस असे सांगितले नाही. डायपेनहोफची हकिगत सांगितली, ब्लास्कोविट्झची सांगितली. त्याने खूप प्रश्न विचारले. रशियन जनरल चांगले होते का? मी सांगितले की रोकोसोव्स्कीला १९३७ मध्ये स्वतःच्याच सरकारने पकडून छळले, १९४० मध्ये सोडले आणि मग त्यानेच त्या सरकारसाठी युद्ध जिंकले. आणि झुकोव्हच्या घरी जर्मनीतून आणलेल्या लुटीच्या वस्तू सापडल्या. म्हणजे जिंकलेल्यांची पाटीही कोरी नाही. त्यावर तो म्हणाला, “मग कोणालाच घ्यायचे नाही का?” मी म्हटले, “घे, पण ज्याला घेशील त्याच्याबद्दल आधी वाच.”

त्याने गुडेरियनच घेतला. मला ते खटकले नाही, कारण गेमच्या हिशेबाने त्याची निवड बरोबर होती. मात्र पोलंडचा डाव त्याने बदलला. आता वॉर्साजवळ कोणाला बसवायचे यावर तो विचार करतो आहे. तिथे खरोखर लढलेल्या पोलिश सेनानींची नावे काय होती, तेही त्याने मला शोधायला सांगितले आहे. टाडेउश कुट्शेबा हे एक नाव मी त्याला दिले. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्झुरा नदीवर जर्मनांवर पोलंडने केलेला मोठा प्रतिहल्ला त्यांच्या नेतृत्वाखाली झाला होता. त्यांच्यासाठी गेममध्ये कोणी पदके मागितलेली मला दिसली नाहीत.