अचूकता आणि उत्तरदायित्व

अमेरिकेंत घरच्या बागेसाठीं लहान ट्रॅक्टर बाळगणारे कित्येक हौशी गृहस्थ त्याला जोडावयाचीं अवजारें, म्हणजे नांगर, माती सारण्याचें पातें इत्यादि, घरींच तयार करितात. पोलादी पत्रा कापण्याकरितां त्यांतील कांहींच्या मोटारखान्यांत प्लाझ्मा-यंत्राचें मेज असतें. संगणकावर आकृति काढावी. विजेची ज्योत दाबलेल्या हवेच्या झोतास हजारों अंश तापविते, तो झोत पोलाद वितळवून उडवितो, आणि आकृतीबरहुकूम तुकडा हातीं येतो. जें कसब साधण्यास लोहारास वर्षें लागत, तें येथें क्षणांत साधतें.

यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु असें अवजार शेजाऱ्यास उसनें द्यावें काय? यंत्र चुकीची आकृतिही तितक्याच अचूकपणें कापतें. पत्रा किती जाड हवा, वेल्डिंगचा सांधा किती भार सोसील, दगडास अडखळून पातें तुटलें तर तें कोणाच्या अंगावर येईल, हें यंत्रास ठाऊक नसतें. लोहारास ठाऊक असे. कारण कसबाबरोबर त्यानें मोडलेल्या फाळांची आठवणही कमाविलेली असे. आपणांस कसब मिळालें, ती आठवण मिळाली नाहीं.

म्हणून कर्त्यानें तें अवजार प्रथम आपल्याच जमिनींत, आपल्याच जोखमीवर, एक हंगाम वापरावें. आणि सांध्याविषयीं शंका वाटल्यास शेजाऱ्यास 'नाहीं' म्हणण्याचा संकोच धरूं नये. 'हें मीं केलें' या शब्दांत जितका अभिमान आहे, तितकेंच उत्तरदायित्वही आहे. अभिमान तेवढा आपण घ्यावा आणि उत्तरदायित्व यंत्राच्या माथीं मारावें, हा न्याय नव्हे.