आठवण आणि अमानत



आयुष्याची संध्याकाळ जवळ आली की माणसाची दृष्टी मागे वळते. ज्या हातांनी आपल्याला घडवले ते हात त्याला दिसू लागतात आणि बहुधा ते हात स्त्रियांचे असतात. ठाण्याच्या राबोडीत, मुंब्रा-कौशात किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर असरची नमाज आटोपून मगरिबची वाट पाहत बसलेल्या ज्येष्ठांचे बोलणे ऐकावे. नोकरी, राजकारण, आजारपण असे विषय संपले की कुणाला तरी आई आठवते, कुणाला बहीण, कुणाला निवर्तलेली पत्नी. डोळे पाणावतात. आईच्या चरणांपाशी स्वर्ग आहे, या अर्थाची हदीस सांगितली जाते आणि सर्वजण माना डोलावतात.

ही आठवण चांगलीच आहे. कृतघ्न हृदयाला आठवण येत नाही. परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे: इस्लामच्या दृष्टीने केवळ आठवण पुरेशी आहे काय?

याचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात शोधावे. पिता जन्मापूर्वीच वारलेले, सहाव्या वर्षी आई आमिना यांचा अबवा येथे मृत्यू. तेथून या पोरक्या बालकाला मक्केला परत आणणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) या हबशी वंशाच्या सेविका होत्या. प्रेषित (स.) त्यांना आयुष्यभर आईचा मान देत राहिले आणि त्यांच्या घरी भेटीला जात राहिले. ती भेट इतकी नित्याची होती की प्रेषितांच्या निधनानंतर हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांनी ती पुढे चालू ठेवली.

हुनैनच्या युद्धानंतर युद्धबंद्यांमध्ये एक वयस्कर स्त्री होती. मी तुमची दूधबहीण शैमा आहे, असे तिने सांगितले आणि ओळख पटवली. हिजरी सन ८ मधील ही घटना. मक्का जिंकली गेली होती, प्रेषितांचे वय साठीच्या घरात होते. सीरतच्या ग्रंथांत असे आहे की त्यांनी आपली चादर अंथरून तिला बसवले, सोबत राहायचे की आपल्या लोकांत परतायचे हे तिलाच ठरवू दिले आणि तिने परतणे पसंत केले तेव्हा देणग्या देऊन सन्मानाने पाठवले. लहानपणी कडेवर घेणाऱ्या बहिणीची आठवण त्यांनी शब्दांत सांगितली नाही. चादर, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि संपत्ती यांच्या रूपाने तिच्या पदरात घातली.

आणि आदरणीय खदीजा (रजि.)! पंचवीस वर्षांचा सहवास. पहिल्या वहीच्या भयाने थरथरणाऱ्या पतीला ज्यांनी धीर दिला, आपले धन ज्यांनी धर्मकार्यासाठी मोकळे केले, त्या पत्नीचे निधन हिजरतीपूर्वी झाले. पुढे मदीनेत बकरे कापले गेले की प्रेषित (स.) त्यातील वाटे खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. खदीजांच्या भगिनी हाला यांचा आवाज दारात ऐकू आला की तो सारखेपणा जाणवून ते हेलावत.

सर्वांत विचार करण्याजोगा प्रसंग बद्रच्या युद्धानंतरचा आहे. हिजरी सन २. प्रेषितांचे जावई अबुल आस तेव्हा मक्केच्या बाजूने लढून बंदी झाले होते. त्यांच्या सुटकेसाठी कन्या जैनब (रजि.) यांनी मक्केहून जो मोबदला पाठवला त्यात एक हार होता. तो खदीजांनी लेकीला लग्नात दिलेला हार होता. तो पाहताच प्रेषितांचे अंतःकरण भरून आले. ते प्रमुख होते. हार उचलून परत पाठवला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. परंतु त्या मोबदल्यावर सहाबांचा हक्क होता. म्हणून त्यांनी सहाबांना विचारले: तुम्हाला योग्य वाटत असेल तर तिचा कैदी सोडा आणि तिचा हार तिला परत करा. सहाबांनी आनंदाने होकार दिला.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. आठवणीने हृदय भरून आलेल्या क्षणीसुद्धा प्रेषितांनी दुसऱ्याच्या हक्काला परवानगीवाचून हात लावला नाही. प्रेम आणि हक्क या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. आपण मात्र त्या फार सहज वेगळ्या करतो. प्रेम आठवणीत ठेवतो आणि हक्क कागदावरून पुसून टाकतो.

कल्याणमध्ये माझ्या परिचयाचे एक बुजुर्ग आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या तोंडून मी त्यांच्या आयुष्यातील स्त्रियांविषयी अनेकदा ऐकले आहे. पहाटे फजरपूर्वी सार्वजनिक नळावर रांग लावणारी आई. सातवीनंतर शाळा सोडून घरी बसून कपड्यांना काजे-बटणे करणारी थोरली बहीण, जिच्या कमाईतून त्यांची पुस्तके आणि लोकलचा पास निघत असे. मे १९७४ मध्ये रेल्वेचा वीस दिवसांचा संप झाला आणि पगार थांबला, तेव्हा मेहरमध्ये मिळालेली सोन्याची बांगडी काढून देणारी नवविवाहित पत्नी. ते सांगू लागले की ऐकणारे गप्प होतात.

मागील वर्षी त्यांच्या वडिलोपार्जित घराचा पुनर्विकास पूर्ण झाला. तिघा भावांच्या वाट्याला सदनिका आल्या. बहिणीने वडिलांच्या निधनानंतर हक्कसोडपत्रावर सही केली होती. ती आज मुंब्र्यात भाड्याच्या खोलीत राहते. एके दिवशी त्यांनी मला विचारले, “मौलाना, आपानं सही स्वतःच्या हातानं केली होती. मग मला झोप का येत नाही?”

मी म्हणालो, “चाचा, सही करण्यापूर्वी तिचा वाटा किती होतो हे तिला कोणी सांगितलं होतं का?”

ते उत्तरले नाहीत. काही दिवसांनी ते मुंब्र्याला गेले आणि हिशेबाचा कागद बहिणीसमोर ठेवला. तिने आकडा ऐकला आणि एवढेच म्हणाली, “हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?” आता ते आपल्या हिश्श्याचे देणे निवृत्तिवेतनातून हप्त्याहप्त्याने फेडत आहेत. उरलेल्या दोन भावांचा हिशेब त्या भावांनी अल्लाहपुढे द्यायचा आहे.

हा हिशेब कठीण नाही. समजा, आई-वडील दोघेही वारले. कर्ज, अंत्यविधीचा खर्च आणि कायदेशीर वसीयत वजा जाता त्रेसष्ट लाखांची मालमत्ता उरली आणि मागे तीन मुलगे व एक मुलगी आहेत. सूरह अन्-निसाच्या अकराव्या आयतीनुसार मुलाला दोन मुलींइतका वाटा. म्हणजे एकूण सात भाग. प्रत्येक मुलाला अठरा लाख, मुलीला नऊ लाख. बहिणीला वगळून भावांनी एकवीस-एकवीस लाख घेतले, तर प्रत्येकाच्या घरात तीन लाख असे आले जे त्याचे नव्हतेच.

याच सूरहची सातवी आयत सांगते की आई-वडील व आप्त जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मग ते थोडे असो वा अधिक. उहुदच्या युद्धात हजरत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. वारसाहक्काची आज्ञा अवतरली आणि प्रेषितांनी त्या भावाला बोलावून सांगितले: मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्या, उरेल ते तुमचे. म्हणजे चोवीस भागांपैकी मुलींना सोळा, आईला तीन आणि भावाला पाच.

या आज्ञेला रूढीने वारंवार झाकले आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयापुढे कुरआनप्रमाणे वाटा मागणाऱ्या मुलींचा प्रश्न आला. मुलींना वाटा न देण्याची खोजा व मेमन समाजांत रूढी आहे, या आधारावर न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी तो हक्क नाकारला. पुढे १९३७ च्या शरीअत कायद्याने, शेतजमिनीचा विषय वगळता, वारसाहक्कात रूढीऐवजी शरीअत लागू केली. कायद्याने रूढी हटवली. परंतु तीच रूढी आता मुद्रांकाच्या कागदावर, बहिणीच्या सहीनिशी परत येते.

कोणी म्हणेल, तिच्या लग्नात खर्च केला होता. तो खर्च वाटणीतून वजा करण्याची मुभा शरीअतने दिलेली नाही. आणि खर्च मुलांच्या लग्नांतही झालेला असतोच. कोणी म्हणेल, तिने स्वखुशीने सोडले. वारसाला स्वखुशीने आपला वाटा सोडता येतो हे खरे. परंतु हदीसनुसार कोणाचेही धन त्याच्या मनाच्या खुशीशिवाय हलाल होत नाही. आपल्याकडील बहीण मनातून काय म्हणत असते? हक्क मागितला तर माहेर तुटेल. ईदला दार उघडणार नाही, मुलांच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. हा सौदा ती आनंदाने करत नाही. माहेर राखण्यासाठी करते. ज्या भावाच्या प्रेमाची किंमत नऊ लाख रुपये आहे, त्या प्रेमाला आपण सिलह-रहमी म्हणावे काय?

माहीमचे हजरत मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुरआनचे थोर भाष्यकार. रात्री आईने पाणी मागितले, ते घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली आणि ती जागी होईपर्यंत ते हातात पाणी घेऊन उभे राहिले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचे सार एवढेच की जे द्यायचे ते हातात तयार ठेवावे, समोरचे माणूस जिवंत असताना द्यावे.

म्हणून माझ्या ज्येष्ठ वाचकांना नम्र विनंती आहे. पत्नीचा मेहर बाकी असेल तर तो आजच द्यावा. ते कर्ज आहे आणि वाटणीपूर्वी फेडले जाणारे कर्ज आहे. तिच्याकडून अडचणीच्या काळात घेतलेले दागिने आठवावेत. बहिणीचा वाटा एखाद्या जाणकार मुफ्तींकडून काढून घ्यावा, आकडा तिला सांगावा आणि तो प्रथम तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने काही परत दिले तर ती देणगी ठरेल. इमारत पुनर्विकासाला जात असेल तर करारनाम्यापूर्वीच तिचे नाव लावून घ्यावे. आणि आपल्या मुलांना हे सर्व आपण हयात असतानाच सांगून ठेवावे, म्हणजे आपल्या लेकीला उद्या कागदापुढे बसवले जाणार नाही.

ज्या स्त्रियांनी आपल्याला घडवले त्यांपैकी काही कबरीत आहेत. त्यांच्यासाठी दुआ आणि सदका आहे. ज्या हयात आहेत त्यांची अमानत आपल्याकडे आहे, आणि अमानतीविषयी आपल्याला विचारले जाणार आहे.

हे अल्लाह, आमच्या माता-भगिनींवर कृपा कर. त्यांचे जे आमच्याकडे राहिले आहे ते डोळे मिटण्यापूर्वी परत करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.