खुंटी मारण्याआधी

सिंधुदुर्गातल्या एका वाडीत एका चाकरमान्याची बावीस गुंठे जमीन होती. वडिलांनी राखलेली, सातबाऱ्यावर एकट्याच्या नावाची, कुणाचा वाद नाही. मुंबईची नोकरी संपली, फंडाचे पैसे हातात आले आणि त्याने ठरवलं, आता गावी घर बांधायचं.

जमीन पूर्वेकडून पश्चिमेला उतरत होती. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला डांबरी रस्ता, रस्त्यापलीकडे भाताचे कुणगे. रस्त्यालगत पाच-सहा गुंठ्यांचा सपाट तुकडा होता, जणू कुणी हाताने सारवलेला. मधल्या टप्प्यावर जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर करवंदीच्या जाळ्या आणि एक जुना फणस. या कातळावरूनच विहिरीची पायवाट जायची. पिढ्यान्‌पिढ्या बायका पाण्याला गेल्या आणि त्यांच्या पायांनी दगड गुळगुळीत झाला होता.

कुणालाही विचारलं असतं तर त्याने सपाट तुकड्याकडेच बोट दाखवलं असतं. गाडी दारात येईल, चिऱ्यांचा ट्रक थेट आत येईल, भरावाचा खर्च नाही. त्याने ग्रामदेवतेला कौल लावला, कौल उजवा झाला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. सकाळीच गवंडी आला, खुंट्या मारल्या, सूत ताणलं, फक्कीने खोल्या आखल्या. ही पडवी, हे माजघर, हे देवघर. भर उन्हात तो त्या पांढऱ्या रेघांमधून, दारं चुकवत नाही ना हे बघत, घरात फिरावं तसा फिरला.

तेवढ्यात काकी आली. शेजारच्या जुन्या घरात एकटी राहणारी, नात्याने लांबची पण वाडीत सगळ्यांत जवळची. कमरेवर पाण्याची कळशी. ती खाली ठेवून तिने खुंट्यांकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं.

‘‘ही जागा पावसात कधी बगलंस, झिला?’’

‘‘दरवर्षी चतुर्थीला येतो की, काकी.’’

‘‘चतुर्थीक मोठो पाऊस सरलेलो असता. आणि तेव्हा तू हय खय येतंस?’’

खरं होतं. चतुर्थीच्या दिवसांत या जमिनीवर कमरेएवढं गवत असायचं. सापाकिरड्याच्या भीतीने तो रस्त्यावरूनच नजर टाकून परत फिरायचा. जमिनीत पाय ठेवायचा तो मे महिन्यात, आंब्यांच्या वेळी, सगळं कोरडं खडखडीत असताना.

काकी खाली बसली. पाचोळा हाताने बाजूला केला तसं दोन बोटं जातील एवढं भोक दिसलं, तोंडाशी मातीच्या गोळ्या. कुर्लीचं बीळ. वैशाखातही कुर्ली तिथे ओल धरून बसली होती. मग काकीने कडेच्या करवंदीची एक फांदी धरून दाखवली. गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळक्या गवताच्या काड्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेने विंचरलेल्या. फांदीच्या बुडाशी वाटोळे, झिजलेले गोटे पडले होते. ते तिथे कुणी आणून टाकले नव्हते.

‘‘पण देवाने कौल दिलाय,’’ तो म्हणाला.

‘‘देवान घर बांधूक सांगल्यान. हयच बांध असा खय सांगल्यान?’’ कळशी उचलता उचलता ती पुढे म्हणाली, ‘‘घरात बाराय म्हयने रवतलंस ना? मगे जागा एका म्हयन्यात कशी ठरवतंस?’’

त्याला राग आला. आणि तो राग समजण्यासारखा आहे. ज्याने चाळीस वर्षं चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत काढली, त्याला आणखी एक वर्ष थांब म्हणणं सोपं नाही. चिऱ्याचा भाव दर हंगामाला चढतो, गवंड्याची मजुरी चढते, बांधकामाचे पैसे घरखर्चात कधी विरघळतात ते कळत नाही. पण त्या विंचरलेल्या काड्यांवरून त्याची नजर हलेना. गवंड्याला दिवसाची मजुरी दिली आणि सांगितलं, खुंट्या काढू नकोस, सूतही राहू दे.

नवराबायकोने जुना मांगर शाकारून घेतला आणि पावसाळा तिथेच काढायचं ठरवलं.

मृग लागला. भुरभुर पाऊस पडला, माती वासाने भरली, सपाट तुकड्यावर हिरवं कोवळं गवत उगवलं. आर्द्राही तशाच गेल्या. रोज सकाळी तो खुंट्या बघून यायचा आणि रोज त्याला वाटायचं, म्हातारीचं ऐकून एक वर्ष फुकट घालवलं. 

मग तरणा पाऊस आला, पुनर्वसूचा. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पण हा आकडा वाचून काही कळत नाही. कौलांवर रात्रभर कुणी खडी ओततंय असा आवाज येत राहतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तेव्हा तो कळतो. अशा एका रात्रीनंतर पहाटे तो कांबळं पांघरून खाली गेला.

सपाट तुकडा नव्हताच. डोंगरातून उतरलेलं लाल पाणी पडवीतून शिरून माजघरातून बाहेर पडत होतं. फक्की पहिल्याच पावसात गेली होती, पण चार खुंट्या अजून उभ्या होत्या. त्यांच्यामधलं सूत पाण्यात ताणलं जाऊन थरथरत होतं आणि त्यावर पानं, काटक्या, एक फाटकी चप्पल अडकली होती. देवघराच्या कोपऱ्याची खुंटी वाहून गेली होती. पाणी तिथेच सगळ्यांत खोल होतं. तो बराच वेळ उभा राहिला. उन्हाळ्यात जिला तो जमीन म्हणत होता, ती व्हाळाची पथारी होती. पाणी आठ महिने तिथे नसतं, एवढंच.

मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी आला. त्याचं मन पहिल्यापासून वरच्या टोकावर होतं. डोंगराचा थोडा भाग जेसीबीने कापायचा, सपाटी करायची, पश्चिमेला अख्खी काच, संध्याकाळी खाडीपर्यंतचा देखावा. देखावा खरोखरच मोठा होता. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की खाली उतरावंसं वाटत नसे. बापलेक छत्री घेऊन वर चढले. वारा नैऋत्येकडून आला आणि पाऊस वरून पडायचा सोडून समोरून यायला लागला. छत्री उलटली. वाडीतल्या प्रत्येक जुन्या घराच्या पश्चिमेला पावसाआधी झावळांची झापं का बांधतात, हे मुलाला त्या पाच मिनिटांत चिंब होता होता उमगलं. काचेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण वाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट शेजारच्या जमिनीत होती. तिथे कुणीतरी आदल्या वर्षी डोंगराला असाच काप घेतला होता. वरून जांभा, लाल माती आणि तिच्याखाली शेडी, पांढरट गुलाबी, ओली झाली की साबणासारखी. कापाच्या वरच्या कडेला रातांब्याचं एक झाड होतं. मुलगा सकाळी बघून आला तेव्हा ते वर होतं. दुपारी तेच झाड, तसंच उभं, एकही फांदी न मोडता, पंधरा हात खाली येऊन थांबलं होतं. मातीच त्याला घेऊन उतरली होती.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, 22 जुलै 2021 ला महाडमधलं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. दरडीखाली गेलेली तीन गावं, तीन पावसाळे, आणि प्रत्येक वेळी जुलैच. त्या गावांतल्या माणसांचं काही चुकलं असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. त्यांना दुसरी जागा कुणी दिली नव्हती, डोंगराच्या आसऱ्यानेच ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली. पण ज्याच्याकडे बावीस गुंठ्यांमध्ये निवड आहे, त्याने केवळ देखाव्यासाठी डोंगराचा पाय कापू नये. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

बाप काही बोलला नाही. मुलगाच म्हणाला, ‘‘बाबा, वर नको.’’

पाऊस सरला तसं त्याला बघायची सवयच लागली. मधल्या कातळावर, करवंदी तोडून केलेल्या मोकळ्या जागेत, त्याने चार हात उंचीची काठी उभी केली. डिसेंबरच्या 22 तारखेला दुपारी साडेबाराला तिची सावली उत्तरेकडे सव्वातीन हात पडली. म्हणजे थंडीच्या दिवसांत ऊन दक्षिणेकडून तिरपं आत येतं आणि म्हाताऱ्या माणसांनी बसायची ओटी दक्षिणेला हवी. खाली व्हाळाजवळ साडेनऊपर्यंत धुकं आणि गारठा असायचा. कातळावर आठला ऊन यायचं. 

बायकोचं बघणं वेगळं होतं. तिने चुलीचा धूर बघितला. मार्गशीर्षात सकाळी धूर डोंगराकडून खाली सरकायचा, दुपारनंतर खाडीचं वारं सुटलं की उलटा फिरायचा. ‘‘स्वयंपाकघर ईशान्येच्या कोपऱ्यात नको, सकाळचा सगळा धूर घरभर फिरेल. आग्नेयेला घ्या, धुराचं तोंड बाहेरच्या बाजूला,’’ ती म्हणाली. तिला हे कुठल्या पुस्तकात बघावं लागलं नाही.

विहिरीचा दोर त्याने गाठी मारून ठेवला होता. श्रावणात दोन गाठींवर पाणी, होळीनंतर नऊ गाठींवर. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या खालच्या उताराला आणि चांगला लांब न्यायचा, हे तिथेच ठरलं. फणसाला हात लावायचा नाही, हेही ठरलं. चैत्रात चारच्या सुमाराला पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते आणि नेमकी त्याच वेळी फणसाची सावली कातळाच्या त्या कडेवर पसरते.

एका संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या मेरेवर उभं राहून तो वाडीकडे बघत होता. दिवे लागले. काकीचं घर, त्यापलीकडचं, त्यापलीकडचं, सात-आठ घरांचे दिवे. आणि ते सगळे एकाच पातळीत होते, व्हाळाच्या वर, डोंगराच्या पायापासून सुटे, कातळाच्या त्याच पट्ट्यावर. कुणी फुटपट्टी धरून ओढावी तशी ओळ. ती ओळ तो साठ वर्षं बघत आला होता. त्याच्या आज्याने भाताला देता येईल अशी एक मूठही माती घराखाली घातली नव्हती. जिथे काही पिकत नाही तिथे माणूस राहिला आणि जिथे पाणी राहतं तिथे भात. त्याने कधी विचारलं नव्हतं, घरं तिथेच का. कुणी सांगितलंही नव्हतं, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला गवंडी पुन्हा आला. या वेळी कातळावर. पहार मारली तशी ठण्ण वाजली आणि हाताला झिणझिण्या आल्या. गवंडी खूश झाला. ‘‘पाया खणायला वेळ लागेल,’’ म्हणाला, ‘‘पण भरायला काही लागणार नाही.’’ चिरे रस्त्यावर उतरवून वर वाहून आणायचे होते, त्याचे पैसे वेगळे पडणार होते. त्याने मान डोलावली.

खुंट्या मारल्या, सूत ताणलं, फक्की टाकली. दक्षिणेला ओटी, आग्नेयेला स्वयंपाकघर, पश्चिमेला रुंद पडवी, पुढे फणस. सगळं मनासारखं बसलं. तो रेघांमधून फिरायला निघाला आणि माजघरात थबकला. पायाखालचा दगड गुळगुळीत लागला. विहिरीची पायवाट माजघराच्या मधोमध जात होती.

जमीन त्याची होती, वाट सातबाऱ्यावर नव्हती. गवंडी म्हणाला, बायका वळसा घालतील, पन्नास पावलांचा तर प्रश्न आहे. वर्षभरात त्याने ऊन मोजलं होतं, पाणी मोजलं होतं, वारा बघितला होता. काकी दिवसातून किती खेपा करते, हे मोजलं नव्हतं. त्याने आता मनातल्या मनात मोजलं. सकाळी चार, संध्याकाळी तीन.

‘‘सगळं घर सहा हात दक्षिणेला सरकव,’’ तो म्हणाला.

‘‘फणसाची सावली थोडी कमी होईल.’’

‘‘होऊ दे.’’

गवंड्याने खुंट्या उपटल्या, पुन्हा मारल्या. ऊन डोक्यावर आलं होतं, खुंट्यांची सावली पायाशीच गोळा झाली होती. तेवढ्यात खालून काकी आली, कमरेवर भरलेली कळशी. नव्या सुताशी येऊन थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सूत तिच्या वाटेपासून हातभर अंतर राखून गेलं होतं. तिने कळशी सावरली, आणि रोजच्याच दगडांवर रोजच्यासारखी पावलं टाकत घराच्या बाजूने निघून गेली.