घेण्याची लाज

खुब्याचा सांधा बदलून मला तीन आठवडे झाले होते, आणि नरकचतुर्दशी उजाडली. खाली बसायचे नाही, कमरेत काटकोनाहून अधिक वाकायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. धातूचा गोळा नि प्लॅस्टिकची वाटी ही जोडी चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने १९६२ साली जमवली. तिच्या कृपेने मी वॉकर धरून न्हाणीघर गाठले खरे, पण पाटाऐवजी उंच खुर्चीवर बसावे लागले. माझी पावले मला दिसत होती. हाताला मात्र लागत नव्हती.

चिरंजीव उटण्याची वाटी घेऊन समोर बसले. मी संकोचाने पाय मागे घेतला.

"राहू दे रे!"

"का बाबा? माझ्या पायांना तुम्ही लावलेच ना?"

लावले होते, पण ते काय उसने म्हणून? त्याचा हिशेब मी कधीच ठेवला नाही. मग घेतानाच हिशेब का आठवावा? मला वाटते, जन्मभर देणारेच राहण्यात एक सूक्ष्म अहंकार असतो. ज्याला घेता येत नाही, तो दुसऱ्याचे देण्याचे सुख हिरावून घेतो.

मी पाय पुढे केला. नवा सांधा विनातक्रार वळला. मन वळायला मात्र इतकी वर्षे लागली!