पाण्याचा पेला

सदाशिव पेठेतल्या तात्यांच्या खानावळीला तीन दगडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दर गुरुवारी गणिताचे एक निवृत्त सर त्या चढून अळूचं फदफदं खायला यायचे. मग अपघातात पाय गेले, व्हीलचेअर आली. पहिल्याच गुरुवारी खानावळीतली चार पोरं धावली आणि खुर्चीसकट सरांना आत घेऊन आली. तात्यांचे डोळे भरून आले.

दोन गुरुवारांनंतर सर येईनात. तात्यांनी घरी डबा पाठवला, तोही भरलेलाच परत आला. तेव्हा ते स्वतः गेले.

"सर, आमचं काही चुकलं का?"

"पोरं गुणी आहेत हो तुमची. पण तात्या, मला वर ठेवलं आणि लगेच त्यांनी बटाट्याचं पोतं वर आणलं. उचलायची तऱ्हा तीच. शिवाय बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही. तुमच्याकडे जेवताना मी पाणीच पीत नव्हतो."

गिऱ्हाइकाचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही, ही तात्यांना वडिलांची शिकवण. सरांचा पेला भरलेलाच राहायचा, म्हणून तो कधी त्यांच्या नजरेत आला नव्हता. आपल्या शहरांत ही प्रेमळ चूक रोज होते.

"उद्याच फळी टाकतो," तात्या म्हणाले.

"पायरी केवढी?"

"6 इंच."

"तीन पायऱ्यांचे 18. एक इंच चढायला 12 इंच लांबी हवी, म्हणजे 18 फूट. आखूड फळीवर खुर्ची मागे उलटेल."

समोर रस्ता, तिथे 18 फूट कुठले! मुदपाकखान्याचं मागचं दार सोयीचं होतं, पण तिथून पाहुण्याला आणायचं तात्यांना पटेना. शेवटी बाजूच्या बोळातली अडगळ हलवली, तिथे उतार बांधला, खिडकी फोडून 3 फुटी दार केलं. बाथरूमचं दार रुंद करून भिंतीला धरायला दांडी बसवली. जमिनीत जखडलेलं एक टेबल काढलं, तेव्हा चार जणांची जागा गेली म्हणून मुलगा कुरकुरला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही सोय खासगी धंद्यांवरही बंधनकारक आहे, हे त्याला नंतर कळलं. तात्या त्याआधीच गवंड्याला विसार देऊन बसले होते.

पुढच्या गुरुवारी सर स्वतः चाकं फिरवत आत आले. त्या दुपारी ते तीन पेले पाणी प्यायले.